प्रत्येक बाणाचा हिशेब: जैवविघटनाचे डेटाबेस वापरून जैवरसायनशास्त्र शिकवताना

ग्लायकोलिसिस आणि क्रेब्ज चक्र चांगल्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. प्रश्न विचारला की उत्तर आठवणीतून येतं, आणि त्यांना ते समजलंय की नुसतं लक्षात आहे, हे शिकवणाऱ्याला कळत नाही. मातीतले जिवाणू बेन्झोएट किंवा ॲट्राझीन हे तणनाशक कसं मोडतात हे मात्र कुणी पाठ केलेलं नसतं. एन्झाइमचे वर्ग तेच, इलेक्ट्रॉन वाहून नेणारं एनएडीएच तेच, कोएन्झाइम-ए तेच, शेवटही बहुधा क्रेब्ज चक्रातच. मधली वाट तेवढी अनोळखी. विचार करायला लावण्यासाठी यापेक्षा चांगलं साहित्य सापडणं अवघड आहे, आणि त्यातलं बरंचसं इंटरनेटवर मोफत आहे.

हे डेटाबेस पहिल्यांदाच वर्गात नेणाऱ्या शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन आहे. पदवीच्या शेवटच्या किंवा पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला दीड-दीड तासाच्या तीन तासिका पुरतात. तिघांत एक संगणक, कोरे कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढंच लागतं. पेन्सिल सक्तीची ठेवा. रचना हाताने काढल्याशिवाय कोणता बंध तुटला हे दिसत नाही, आणि पडद्यावरून नक्कल करून चिकटवलेल्या चित्राकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

एक सूचना आधीच: या लेखात आकडे देवनागरीत आहेत. शोधचौकटीत मात्र इंग्रजी आकडेच टाका, नाहीतर काहीच सापडणार नाही.

कुठे काय मिळतं

या विषयावरचा सगळ्यात जुना खास डेटाबेस १९९५ साली मिनेसोटा विद्यापीठात लिंडा एलिस आणि लॅरी वॅकेट यांनी सुरू केला. पुढे तो स्वित्झर्लंडमधल्या ईआवाग या जलसंशोधन संस्थेकडे गेला आणि आज त्यातली माहिती एन्व्हीपाथ या संकेतस्थळावर 'ईआवाग-बीबीडी' नावाच्या पॅकेजमध्ये आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि शोधनिबंधांत मिनेसोटाचे पत्ते दिलेले असतात. ते घेऊन वर्गात गेलात तर पहिली वीस मिनिटं वाया जातील, म्हणून प्रत्येक दुवा आदल्या दिवशी स्वतः उघडून पाहा.

केग या डेटाबेसमध्ये मोठे नकाशे मिळतात: बेन्झोएटसाठी मॅप ००३६२, टोल्युइनसाठी ००६२३, नॅफ्थॅलीनसाठी ००६२६, ॲट्राझीनसाठी ००७९१. मेटासायक या डेटाबेसमधले मार्ग प्रयोगांनी सिद्ध झालेल्या कामावर आधारलेले आहेत, पण ज्या बायोसायक संकेतस्थळावर ते आहेत तिथल्या बहुतेक डेटाबेसना वर्गणी लागते. तुमच्या संस्थेकडे ती आहे का, हे आधी विचारून घ्या.

मार्गाचं चित्र दाखवणाऱ्या या तिघांच्या जोडीला रिया हा अभिक्रियांचा डेटाबेस हवाच. रियामधल्या अभिक्रिया वस्तुमान आणि विद्युतभार या दोन्ही बाबतींत संतुलित असतात आणि रेणू पीएच ७.३ ला ज्या रूपात असतील त्या रूपात लिहिलेले असतात. चित्रात न दिसणारं पाणी, प्रोटॉन आणि एनएडीएच इथे सापडतात. एन्झाइमच्या तपशिलासाठी ब्रेंडा आणि युनिप्रॉट, रचनांसाठी पबकेम. पहिल्या तासिकेला केग आणि रिया एवढीच दोन उघडायला सांगा. एकदम सहा खिडक्या उघडल्या की मुलं रेणू सोडून संकेतस्थळं शिकत बसतात.

पहिली पायरी: रेणू निवडणं

सुरुवातीला डीडीटी किंवा प्लॅस्टिक घेण्याचा मोह होतो, कारण नावं ओळखीची असतात. तो टाळा. डीडीटीचा मार्ग लांब आहे आणि त्याला फाटे फुटतात. पहिल्याच तासाला मुलं दमतात. पहिला रेणू असा हवा की ज्याचा मार्ग आठ-दहा पायऱ्यांत क्रेब्ज चक्राशी येऊन मिळतो, ज्याची प्रत्येक पायरी प्रयोगाने नीट अभ्यासलेली आहे आणि ज्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांखेरीज काही नाही. बेन्झोएट या तिन्ही कसोट्यांना उतरतं.

दुसरी पायरी: तक्ता

प्रत्येक गटाला प्रत्येक बाणासाठी एक ओळ भरायला द्या. रकाने असे:

- आत जाणारं सगळं आणि बाहेर पडणारं सगळं, पाणी आणि प्रोटॉनसकट
- दोन्ही बाजूंचे कार्बन
- कोणता बंध तुटला, कोणता जुळला
- ईसी क्रमांकाचा (एन्झाइम कोणती अभिक्रिया घडवतं ते सांगणारा क्रमांक) पहिला आकडा, आणि तो तोच का
- इलेक्ट्रॉन कुणी दिले, कुणी घेतले
- पुरावा कोणत्या जिवाणूतला

चौथा रकाना साधा वाटतो, पण खरं शिकणं तिथे होतं. 'ईसी १, कारण ऑक्सिडोरिडक्टेज' हे उत्तर स्वीकारू नका. कोणत्या अणूची ऑक्सिडीकरण अवस्था बदलली, ते बोट ठेवून दाखवायला लावा.

तिसरी पायरी: बेन्झोएट, एकेक बाण

केगमध्ये मॅप ००३६२ उघडा. चित्रातले छोटे गोल म्हणजे रेणू आणि चौकटी म्हणजे एन्झाइम. चौकटीवर टिचकी मारली की ईसी क्रमांक मिळतो. तो रियामध्ये टाकून पूर्ण समीकरण काढा. स्यूडोमोनास पुटिडासारख्या जिवाणूंत ऑक्सिजनच्या साथीने होणारा मार्ग असा आहे.

बेन्झोएट १,२-डायऑक्सिजनेज (ईसी १.१४.१२.१०) ऑक्सिजनच्या रेणूचे दोन्ही अणू वलयावर बसवतं आणि एक एनएडीएच खर्च होतो. तयार झालेला सिस-डायॉल पुढच्या डिहायड्रोजनेजकडे (ईसी १.३.१.२५) जातो. तिथे कार्बन डायऑक्साइड निघतो, एनएडीएच परत मिळतो आणि वलय पुन्हा ॲरोमॅटिक होतं, हे कॅटेकोल. त्यानंतर कॅटेकोल १,२-डायऑक्सिजनेज (ईसी १.१३.११.१) दुसरा ऑक्सिजन वापरून दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधला कार्बन-कार्बन बंध तोडतं. वलय उघडलं, सिस,सिस-म्युकोनेट हाती आलं.

पुढच्या दोन पायऱ्या आयसोमरेजच्या आहेत (ईसी ५.५.१.१ आणि ५.३.३.४). त्यांतून ईनोल-लॅक्टोन तयार होतं, पाणी घेऊन ते उघडतं (ईसी ३.१.१.२४) आणि बीटा-कीटोॲडिपेट मिळतं. सक्सिनिल-कोए आपला कोएन्झाइम-ए त्याला देतं (ईसी २.८.३.६). शेवटी थायोलेज (ईसी २.३.१.१७४) नवा कोएन्झाइम-ए घालून रेणूचे दोन तुकडे करतं: सक्सिनिल-कोए आणि ॲसिटिल-कोए.

इथे थांबून वर्गाला विचारा, ही शेवटची पायरी पूर्वी कुठे पाहिली आहे? फॅटी ॲसिडच्या बीटा-ऑक्सिडेशनमध्ये. हे त्यांचं त्यांना सुचेपर्यंत दोन मिनिटं गप्प राहायची तयारी ठेवा.

आता कार्बन मोजा. बेन्झोएटचे ७; बाहेर कार्बन डायऑक्साइडचा १, सक्सिनेटचे ४, ॲसिटिल गटाचे २. जुळलं. मध्ये वापरलेलं सक्सिनिल-कोए शेवटी परत मिळतं, म्हणून निव्वळ हिशेबात सक्सिनेट येतं. नेमके इथेच गट चुकतात: सक्सिनिल-कोए दोनदा मोजतात आणि कार्बन ११ भरतात. चूक दाखवून देऊ नका, फक्त 'चार कार्बन जास्तीचे आले कुठून?' एवढंच विचारा.

चौथी पायरी: इलेक्ट्रॉनचा जमाखर्च

हा भाग सगळ्यात मोलाचा आहे, आणि वेळ कमी पडला की नेमका हाच गाळला जातो. गाळू नका.

फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या विद्युतभार नसलेल्या रेणूत, तो कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळला तर किती इलेक्ट्रॉन निघतील, याचं साधं सूत्र आहे: कार्बनची संख्या गुणिले ४, अधिक हायड्रोजनची संख्या, वजा ऑक्सिजनची संख्या गुणिले २. बेन्झोइक ॲसिडमध्ये कार्बन ७, हायड्रोजन ६, ऑक्सिजन २. म्हणजे २८ अधिक ६ वजा ४, बरोबर ३०. सक्सिनिक ॲसिडचे १४, ॲसेटिक ॲसिडचे ८, कार्बन डायऑक्साइडचा शून्य.

बाहेर आले २२. मग ८ गेले कुठे? मार्गात ऑक्सिजनचे दोन रेणू थेट वापरले गेले आणि प्रत्येकाने ४ इलेक्ट्रॉन घेतले. हिशेब अचूक जुळतो, आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते: ३० पैकी ८ इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीत गेलेच नाहीत. त्यांच्यापासून एकही एटीपी मिळाला नाही. ॲरोमॅटिक वलय इतकं स्थिर असतं की ते फोडण्यासाठी जिवाणू एवढी किंमत मोजतो. एनएडीएचचं म्हणाल तर एक गेला, एक आला.

हे फळ्यावर मांडल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाका: ऑक्सिजनच नसेल तर? थाउएरा ॲरोमॅटिका हा जिवाणू बेन्झोएटला आधी कोएन्झाइम-ए जोडतो आणि मग बेन्झॉइल-कोए रिडक्टेज वापरून वलयाचं क्षपण करतो. त्याला दोन इलेक्ट्रॉनमागे दोन एटीपी मोजावे लागतात. एकाने इलेक्ट्रॉन गमावून वलय फोडलं, दुसऱ्याने एटीपी घालून. दोन्ही मार्ग केगच्या एकाच नकाशावर आहेत, शोधून रंगवायला सांगा.

इथली ठरलेली चूक म्हणजे बेन्झोएट आयनाचं सूत्र घेणं. हायड्रोजन ५ येतात, उत्तर २९ येतं आणि गट गोंधळतो. पबकेममध्ये आम्लाचं पान उघडलं जातं आणि रियामध्ये आयन दिसतो, त्यामुळे असं होतं. नियम घालून द्या: इलेक्ट्रॉन मोजताना सगळे रेणू आम्लरूपात लिहायचे, समीकरण संतुलित करताना सगळे रियाच्या रूपात. मिसळ करायची नाही.

नकाशा म्हणजे जिवाणू नव्हे

केगचा संदर्भ नकाशा अनेक जिवांमधल्या अभिक्रिया एकत्र करून काढलेला असतो. त्यावर दिसणारे सगळे बाण एकाच पेशीत असतात असा समज वर्गात हमखास होतो आणि तो बोलून जात नाही. त्यासाठी हा प्रयोग करा.

नकाशाच्या यादीतून स्यूडोमोनास पुटिडा केटी२४४० निवडा. या जिवाणूच्या जीनोममध्ये ज्या एन्झाइमची जनुकं सापडली आहेत, त्या चौकटी हिरव्या होतात. बेन्झोएटच्या नकाशावर वर सांगितलेल्या मार्गाची साखळी हिरवी दिसेल. आता टोल्युइनचा नकाशा उघडा, जिवाणू तोच. टोल्युइनच्या मिथिल गटाचं ऑक्सिडेशन सुरू करणारं मोनोऑक्सिजनेज तिथे मिळणार नाही. कारण केटी२४४० हा मूळ एमटी-२ या स्ट्रेनपासून (त्याच जातीच्या वाणापासून) आलेला आहे; एमटी-२ मध्ये टोल्युइन पचवणारी जनुकं पीडब्ल्यूडब्ल्यू० नावाच्या प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या डीएनएवर) होती आणि केटी२४४० मध्ये ते प्लाझ्मिड नाही. चयापचयाचा अख्खा तुकडा प्लाझ्मिडवर बसून ये-जा करू शकतो, हे या दोन पानांवर समोरासमोर दिसतं.

बेन्झोएटच्या नकाशावर एक सापळा आहे. प्रोटोकॅटेक्युएटची शाखाही हिरवी दिसते आणि मुलं बेन्झोएट तिच्यातूनही काढतात. तिच्यात ४-हायड्रॉक्सिबेन्झोएटसारखे रेणू येतात. दोन्ही शाखा ईनोल-लॅक्टोनपाशी एकत्र येतात आणि तिथून पुढची एन्झाइम सामाईक असतात. हिरवी चौकट 'जनुक सापडलं' एवढंच सांगते. ते जनुक कधी चालू होतं आणि त्यातून काय वाहतं, हे ती सांगत नाही.

टोल्युइन: एक रेणू, अनेक दारं

दुसऱ्या तासिकेला टोल्युइन घ्या. ऑक्सिजन असताना त्यावरच्या पहिल्या हल्ल्याचे पाच प्रकार वर्णन केलेले आहेत, प्रत्येक वेगळ्या जिवाणूतला. एमटी-२ मिथिल गटाला हात घालतो आणि बेन्झिल अल्कोहोल बनवतो. स्यूडोमोनास पुटिडा एफ१ वलयावर डायऑक्सिजनेज चालवून सिस-डायहायड्रोडायॉल बनवतो. बाकीचे तिघे वलयावर एक हायड्रॉक्सिल बसवतात, मिथिल गटाच्या शेजारी (ऑर्थो), एक जागा सोडून (मेटा) किंवा समोर (पॅरा): बर्कहोल्डेरिया सेपेशिया जी४ ऑर्थो-क्रेसॉल, स्यूडोमोनास मेंडोसिना केआर१ पॅरा-क्रेसॉल, आणि राल्स्टोनिया पिकेटी पीकेओ१ मेटा-क्रेसॉल बनवतो असं मांडलं गेलं.

पाच गट करून प्रत्येकाला एक जिवाणू द्या आणि पहिल्या तीन पायऱ्यांचाच तक्ता भरून घ्या. मग फळ्यावर पाचही शेजारी शेजारी लावा. मोनोऑक्सिजनेज ऑक्सिजनचा एक अणू रेणूत घालतं आणि दुसऱ्याचं पाणी होतं. डायऑक्सिजनेज दोन्ही अणू घालतं. हा फरक व्याख्येतून जितका शिकवला जातो, त्यापेक्षा या पाच ओळींतून जास्त पक्का होतो.

पीकेओ१ची गोष्ट तर डेटाबेस कसा वाचावा याचा धडाच आहे. त्याचं एन्झाइम मेटा जागेवर हायड्रॉक्सिल बसवतं असं आधी प्रसिद्ध झालं आणि त्याचं नावही त्यावरूनच पडलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ते मुख्यतः पॅरा जागेवर काम करतं असं दिसलं. नाव मात्र जुनंच चालू राहिलं. म्हणून सहावा रकाना, पुराव्याचा, कधीही कोरा ठेवू देऊ नका. बाणाच्या मुळाशी कोणता शोधनिबंध आहे, कोणत्या वर्षाचा, आणि त्यानंतर त्यावर कुणी काम केलं आहे का, एवढं तरी पाहिलंच पाहिजे.

एफ१च्या वाटेवर सिस-डायॉल काढताना मुलं ट्रान्स काढतात. जिवाणूंचं डायऑक्सिजनेज दोन्ही ऑक्सिजन वलयाच्या एकाच बाजूने बसवतं, म्हणून सिस. ट्रान्स मिळतो तो सस्तन प्राण्यांच्या यकृतात, कारण तिथे आधी इपॉक्साइड तयार होतो आणि मग पाणी उलट बाजूने येतं. रचनेतल्या एका छोट्या फरकावरून एन्झाइमची पद्धत ओळखता येते, हे दाखवायची ही संधी आहे.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर आणखी एक धागा जोडता येतो. कॅटेकोलचं वलय १,२ ऐवजी २,३ बंधावर फुटलं (ईसी १.१३.११.२) तर पिवळं २-हायड्रॉक्सिम्युकोनिक सेमिअल्डिहाइड तयार होतं आणि ते ३७५ नॅनोमीटरवर मोजता येतं. म्युकोनेटला रंग नसतो, त्यासाठी २६० नॅनोमीटर. कागदावरचे दोन बाण क्युव्हेटमध्ये (प्रकाशशोषण मोजायच्या छोट्या नळीत) वेगळे ओळखू येतात. कॅटेकोल हाताळताना हातमोजे घाला. ते त्वचेतून शरीरात जाऊ शकतं, शिवाय हवेत तपकिरी पडतं, म्हणून द्रावण त्याच दिवशी बनवा.

ॲट्राझीन: जिथे ऑक्सिजन लागतच नाही

ॲरोमॅटिक म्हटलं की ऑक्सिजनेज, असा समज तोपर्यंत पक्का होतो. तो मोडायला ॲट्राझीन. स्यूडोमोनास एडीपी या जिवाणूत एटीझेडए हे एन्झाइम क्लोरीन काढून तिथे हायड्रॉक्सिल आणतं, एटीझेडबी इथिलअमाइन काढतं, एटीझेडसी आयसोप्रोपिलअमाइन काढतं आणि सायन्युरिक ॲसिड उरतं. तेही पुढे फुटून ३ अमोनिया आणि ३ कार्बन डायऑक्साइड मिळतात. एकही पायरी ऑक्सिडेशनची नाही, सगळा कारभार पाण्यावर.

इलेक्ट्रॉनच्या सूत्रात आता नायट्रोजनमागे ३ आणि क्लोरीनमागे १ वजा करा. ॲट्राझीनचे ३० येतात: इथिलअमाइनमध्ये १२, आयसोप्रोपिलअमाइनमध्ये १८ आणि सायन्युरिक ॲसिडमध्ये शून्य. मग हा जिवाणू वलय फोडण्याचा खटाटोप कशाला करतो? नायट्रोजनसाठी. वलयातल्या कार्बनमध्ये इंधन उरलेलंच नाही. हे उत्तर गटाने स्वतः काढलं की 'कार्बनचा स्रोत' आणि 'नायट्रोजनचा स्रोत' हे शब्द पुन्हा समजावावे लागत नाहीत.

इथे ईसी क्रमांक त्रास देतात. एटीझेडबी आणि एटीझेडसीचे जुने क्रमांक ३.५.९९.३ आणि ३.५.९९.४ होते, आता ते ३.५.४.४३ आणि ३.५.४.४२ झाले आहेत. जुना क्रमांक टाकून काही न सापडल्यास एन्झाइम अस्तित्वात नाही असा निष्कर्ष काढू नये. ब्रेंडा किंवा एक्स्पासीच्या एन्झाइम-यादीमध्ये तो क्रमांक टाकला की कुठे हलवला ते दिसतं.

शेवटची तासिका: अंदाज आणि तपासणी

एन्व्हीपाथमध्ये नवीन रेणूचा मार्ग नियमांवरून वर्तवता येतो. आधी खातं उघडून स्वतःचं पॅकेज तयार करा. पबकेमच्या पानावरून रेणूची स्माइल्स ओळ (रचना अक्षरांत लिहिणारी ओळ) नक्कल करा. पबकेमच्या ओळीत वलय मोठी अक्षरं आणि दुहेरी बंधांच्या खुणा यांनी लिहिलेलं असतं; इतरत्र मिळणाऱ्या ओळींत लहान लिपीतली अक्षरं ॲरोमॅटिक अणू दाखवतात. अशी ओळ हाताने टाइप करताना ती अक्षरं मोठी झाली तर बेन्झीनचं सायक्लोहेक्झेन होतं आणि अंदाज भलताच येतो. सोडियम बेन्झोएटची ओळ घेऊ नका. त्यात सोडियम आयन टिंबाने वेगळा लिहिलेला असतो. बेन्झोइक ॲसिडचीच घ्या.

अंदाज दोन किंवा तीन पायऱ्यांपुरताच खोल ठेवा. प्रत्येक पायरीला अनेक नियम लागू होतात आणि त्यांतून निघालेल्या प्रत्येक रेणूला पुन्हा अनेक, त्यामुळे पाचव्या पायरीपर्यंत पडदा वाचता येणार नाही इतका भरतो. नियम रचना पाहतात. कोणता जिवाणू, कोणती माती, किती ऑक्सिजन याचा त्यांना पत्ता नसतो.

आधी ज्याचं उत्तर माहीत आहे तो रेणू द्या, म्हणजे बेन्झोइक ॲसिडच. अंदाजात आलेल्या बाणांचे तीन ढीग करायला सांगा: केगमध्ये किंवा ईआवाग-बीबीडीमध्ये सापडलेले, न सापडलेले पण रसायनाच्या दृष्टीने शक्य, आणि अशक्य. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येकासाठी एका वाक्यात कारण हवं. मगच अनोळखी रेणू द्या.

गुण देताना मार्ग बरोबर आला का, याला थोडेच गुण ठेवा. जास्त ठेवा ते हिशेबाला आणि कारणांना. परीक्षेसाठी चांगला प्रश्न असा: टेरेफ्थॅलिक ॲसिडपासून प्रोटोकॅटेक्युएटपर्यंतच्या दोन पायऱ्या (ईसी १.१४.१२.१५ आणि १.३.१.५३) फक्त रचना आणि ईसी क्रमांक देऊन छापायच्या, बाकी सगळं झाकायचं, आणि विचारायचं: ऑक्सिजन किती लागला, एनएडीएचचा निव्वळ हिशेब काय, कार्बन कुठे गेला? बेन्झोएटच्या पहिल्या दोन पायऱ्या ज्याला समजल्या, तो हे पाच मिनिटांत सोडवतो. टेरेफ्थॅलिक ॲसिड पीईटी प्लॅस्टिकपासून येतं, आणि २०१६ साली वर्णन झालेला इडिओनेला साकाईएन्सिस ते कसं सुटं करतो (ईसी ३.१.१.१०१ आणि ३.१.१.१०२), हा पुढच्या सत्रासाठी तयार विषय आहे.